पाऊण तासाचे संग्रहालय

येत्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या संमेलनास बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासाठी आखलेल्या 'बडोदेदर्शना'चा कागद नुकताच आमच्या हाती आला. लक्ष्मीविलास राजवाड्यास दीड तास, भोजन व विश्रांतीस दोन तास, बाजारास दोन तास, आणि कमाटीबागेतील संग्रहालय व चित्रवीथी मिळून पाऊण तास, असा तो हिशेब आहे. पाऊण तासापुढे कंसात 'ममी, देवमासा' असे लिहिले आहे, म्हणजे पाहुण्यांनी कुठे वेळ दवडू नये याचीही काळजी घेतलेली आहे. कागद तयार करणारे आमचे स्नेही आहेत, मंडळासाठी झिजणारे आहेत. परंतु अशा कागदांशी आमचा परिचय जुना आहे. शासकीय सेवेत वरिष्ठांच्या दौऱ्यांचे कार्यक्रम आम्हीही पुष्कळ आखले, आणि बारा मिनिटांत धरण दाखवून पाहुण्यांना पुढच्या विश्रामगृहावर पोहोचविण्याची विद्या आम्हांसही अवगत होती. धरण कोणी पाहत नसे. 'पाहणी झाली' एवढी नोंद मात्र होत असे. मंडळाच्या कागदाचा हेतू याहून वेगळा आहे असे आम्हांस वाटत नाही.

बाहेरून येणाऱ्या प्रवासी कंपनीने हे केले असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण आपण बडोद्याचे मराठी लोक. आपल्या सभेत सयाजीरावांचे नाव आल्यावाचून एकही अध्यक्षीय भाषण संपत नाही. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, कलाभवन ही यादी आपल्याला तोंडपाठ आहे, आणि तीत संग्रहालयही असते. त्याच संग्रहालयात आपण शेवटचे कधी पाऊल टाकले, असा प्रश्न कार्यकारिणीत विचारला तर शाळेच्या सहलीची आठवण निघेल, फार तर नातवाला घेऊन गेल्याची. नातवाला काय दाखविले? ममी आणि देवमासा.

देवमाशाशी आमचे वैर नाही. निळ्या देवमाशाचा तो अवाढव्य सांगाडा पाहून लहान मुलाचे डोळे विस्फारावेत हे योग्यच आहे. मात्र 'महाराजांनी केवढा मासा आणून ठेवला पाहा' असे जे आपण मुलांना सांगतो ते खरे नाही. महाराज १९३९ साली निवर्तले आणि हा मासा महीच्या मुखाशी आला तो १९४४ साली. महाराजांनी जे खरोखर मुद्दाम आणविले ते शेजारच्या इमारतीत आहे, आणि तिकडे आपली बस जाणार नाही.

संग्रहालयाची इमारत मेजर मँट आणि चिझम यांच्या आराखड्यांतून १८९४ साली उभी राहिली. चित्रवीथी, जिला आपण गावात 'पिक्चर गॅलरी' म्हणतो, तिचे काम १९०८ साली सुरू होऊन १९१४ साली संपले. युरोपीय चित्रांची निवड करण्याचे काम महाराजांनी मॅरियन स्पीलमन या लंडनच्या कलासमीक्षकाकडे सोपविले होते. स्पीलमन म्हणजे कोणी दलाल नव्हे. 'मॅगझिन ऑफ आर्ट'चे संपादकपद सतराएक वर्षे सांभाळलेला जाणता गृहस्थ. इमारत तयार झाली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. चित्रे समुद्रापलीकडे अडकली. चित्रवीथी लोकांसाठी उघडली ती १९२१ साली. ज्या चित्रांसाठी एका संस्थानाने सात वर्षे वाट पाहिली, त्यांच्यासाठी आपल्याला पाऊण तासातील दहा मिनिटेही काढवत नाहीत.

यावर एक ठरलेले उत्तर येते, आणि ते देणारे बहुधा सुशिक्षित असतात: 'अहो, त्यांतली निम्मी चित्रे नकला आहेत.' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते बोलणाऱ्याने चित्रे पाहिली नसावीत अशी आमची खात्री होऊ लागली आहे. त्या संग्रहात प्रती आहेत, थोरांच्या चित्रशाळेतून निघालेली चित्रे आहेत, कर्तृत्वाविषयी वाद असलेली आहेत आणि अस्सलही आहेत. युरोपला जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याने इथल्या इथे पाश्चात्त्य चित्रकलेच्या परंपरा पाहाव्यात, यासाठी प्रतीचाही उपयोग आहे. आणि कोणते चित्र कशामुळे अस्सल व कोणते कशामुळे नव्हे, हे ओळखू पाहणे हाच चित्र पाहण्याचा उत्तम अभ्यास नाही काय? गळ्यात रुद्राक्ष आहे की भद्राक्ष हे पाहण्यासाठी आपण दहा वेळा मणी फिरवतो. चित्रासमोर मात्र ऐकीव शेरा पुरतो.

दुसरा घोळ रविवर्म्याचा. पाहुणे विचारतात, 'रविवर्मा कुठे आहे?' आणि आपलेच कार्यकर्ते त्यांना कमाटीबागेत नेतात. बडोद्याच्या राजघराण्यासाठी रविवर्म्याने केलेल्या चित्रांचा प्रसिद्ध संग्रह राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात आहे. ती संस्था वेगळी, तिचे तिकीट वेगळे, तिच्या वेळा वेगळ्या. पाहुण्यांना हे आधी सांगणे म्हणजे नियोजन. आणि तिथे नेलेच तर एवढे अवश्य सांगावे की पुराणांतील राण्यांना आपल्याकडची नऊवारी नेसविणारा हा चित्रकार. आपल्या आज्यांच्या देवघरांत ज्या छापील लक्ष्मी-सरस्वती आल्या, त्या छापण्याची सूचना त्याला प्रथम करणारे सर टी. माधवराव हे बडोद्याचे दिवाण राहिलेले. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला बडोद्याशी आपले नाते सांगायचे ते याहून अधिक काय सांगणार!

परंतु आमच्या मते पाहुण्यांना एकच गोष्ट दाखवायची असेल तर ती अकोट्याची शिल्पे. अकोटा म्हणजे आज विश्वामित्रीपलीकडची आपली वस्ती, जिथे आपल्यापैकी कित्येकांची घरे आहेत. तिथे जमिनीतून अडुसष्ट जैन धातुशिल्पे निघाली. डॉ. उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास करून ती जगापुढे मांडली. इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून पुढे कित्येक शतकांचे हे काम आहे. त्यांत एक जीवंतस्वामी आहे: महावीर, पण अद्याप दीक्षा न घेतलेला, डोक्यावर मुकुट, अंगावर अलंकार, आणि हे सर्व असताना ध्यानात उभा. राजपुत्र आणि यती यांच्यामधला तो क्षण ओतकाम करणाऱ्याने एका मूर्तीत धरला आहे. एक चामरधारिणी आहे. तिच्यासमोर आम्ही पहिल्यांदा उभे राहिलो ते निवृत्तीनंतर. त्याआधी चाळीस वर्षे त्याच शहरात राहून, त्याच बागेत सकाळी फिरून आम्ही आत गेलो नव्हतो. वरच्या परिच्छेदांतील ताशेरे कोणास बोचले असतील तर त्यांनी पहिले नाव आमचे धरावे. त्या दिवशी तिचा एकच दुडपलेला हात पाहण्यात किती वेळ गेला ते कळले नाही, आणि घरी गेल्यावर डोळे मिटूनही तो नेमका कसा होता हे आठवेना. म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो.

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पाहुणे वयस्क आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. खरे आहे, आमचेही दुखतात. म्हणूनच सारी दालने तुडवीत नेण्याऐवजी दोन दालने निवडावीत असे आमचे म्हणणे आहे. पाऊण तासात सर्व काही पाहणारा जितका चालतो त्याच्या चौथाईनेही दोन तासांत तीन वस्तू पाहणाऱ्याला चालावे लागत नाही. 'सर्वांना कलेत रुची नसते' हा दुसरा आक्षेप. गाण्याच्या बैठकीला आपण असे म्हणत नाही. तिथे राग कळो न कळो, तीन तास मांडी घालून बसतो, आणि मध्येच उठणाऱ्याकडे रागाने पाहतो. डोळ्यांच्या बाबतीत एवढा संयम का नसावा?

तेव्हा आमची सूचना अशी. बाजाराच्या दोन तासांतील सव्वा तास संग्रहालयास द्यावा. कोणती दालने उघडी आहेत आणि कोणती डागडुजीसाठी बंद, याची चौकशी मंडळाच्या चिटणिसांनी आठवडाभर आधी प्रत्यक्ष जाऊन करावी. दूरध्वनीवर विसंबू नये. छायाचित्रांच्या परवानगीचेही तेव्हाच विचारावे. पाहुण्यांना आदल्या रात्री एक पानभर टिपण द्यावे, ज्यात पाच-सहाच वस्तूंची ओळख असेल. ते टिपण मराठीत असावे आणि आपल्यापैकी कोणीतरी त्या वस्तूंसमोर उभे राहून लिहावे, पुस्तकातून उतरवू नये. पूर्वसूरींचा आधार आहेच. जर्मनीतून आलेले हर्मन गेट्झ यांनी संचालक असताना या संग्रहालयाची इंग्रजी पत्रिका चालविली. तिचे जुने अंक चाळावेत. मुलांना प्रथम देवमाशाकडे न्यावे, त्यांचे समाधान होऊ द्यावे, मग अकोट्याच्या दालनात आणावे. निवेदक नको. ध्वनिवर्धक तर नकोच.

कार्यकारिणीला हे अव्यवहार्य वाटले तर संग्रहालयाचे नाव कागदावरून सरळ काढून टाकावे आणि तो पाऊण तासही बाजारास द्यावा. निदान साड्या तरी नीट पाहिल्या जातील. टिपण लिहिण्याचे काम कोणी पत्करत नसेल तर ते आम्ही करू. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी आम्ही संग्रहालयाच्या दारात असू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चष्मा विसरू नये.