नाणे दिले, पण मोल कोणी ठरविले?

इंग्रजांनी या देशाला काय दिले, असा प्रश्न निघाला की आपल्याकडील काही विद्वानांची यादी तयारच असते. रेल्वे आली, टपाल आले, न्यायालये आली आणि त्यापाठोपाठ ‘एक देश, एक नाणे’ही आले! १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, चौथ्या विल्यमची मुद्रा मिरविणारा चांदीचा रुपया कंपनीच्या सर्व मुलखात चालू झाला, हे खरेच. गावोगावच्या बट्ट्याच्या कटकटीतून व्यापारी सुटला, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाणे दिले आणि त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार मात्र लंडनमध्ये ठेवला, ही उरलेली अर्धी कथा कोण सांगणार?

मुळात नाणेशास्त्र या भूमीला परक्यांकडून शिकावे लागले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर देखरेख ठेवणारा लक्षणाध्यक्ष आहे आणि नाणी पारखणारा रूपदर्शकही आहे. कंपनीचा रुपया हासुद्धा सोळाव्या शतकापासून येथे रुळलेल्या रुपयाचाच वारस होता.

चलन म्हणजे सार्वभौमत्व, हे शिवछत्रपतींनी अचूक ओळखले होते. १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अवतरली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. त्याच वर्षी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, असे कलम त्याला तहात हवे होते. ते मान्य झाले नाही. नाणे वजनाने व कसाने खरे असेल तर लोक आपणहून घेतील; रयतेचे नुकसान होईल असे नाणे तिच्यावर लादता येणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. राजनीती आणि प्रजाहित यांचा याहून सुंदर संगम कोणता?

आता इंग्रजांचा व्यवहार पाहा. चांदी घसरली, रुपया सुमारे १५ पेन्सांपर्यंत उतरला आणि लंडनला पाठवावयाच्या ‘होम चार्जेस’चा बोजा सरकारला जड झाला. तेव्हा १८९३ मध्ये टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद करण्यात आल्या. रुपया कृत्रिमरीत्या १६ पेन्सांवर चढविला गेला. शेतकऱ्याच्या घरातील गोठ-पाटल्यांची चांदी मात्र स्वस्त होत गेली. सारा भरावयाचा तो महागलेल्या रुपयांतच!

एवढ्याने भागले नाही. हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीवरून १९२७ मध्ये रुपया १८ पेन्सांचा करण्यात आला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी आयोगात राहून भिन्नमत नोंदविले. ते डावलले गेले. हिशेब साधा आहे. एक पौंड किमतीच्या कापसाला पूर्वी १५ रुपये मिळत. आता १३ रुपये ५ आणे ४ पै. सारा तेवढाच आणि सावकाराचे कर्जही तेवढेच. विलायती माल मात्र स्वस्त! वऱ्हाड-खानदेशातील कास्तकाराच्या घरावर हा दरोडा कोणत्याही शस्त्राविना पडला. चलन राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडणाऱ्या या व्यवस्थेची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्येच आपल्या रुपयावरील प्रबंधात कठोर चिकित्सा केली होती. १९२५ मध्ये त्यांनी आयोगापुढे साक्षही दिली.

१५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर परकीय राजाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. तो केवळ चित्राचा पालट नव्हता. आपल्या नाण्याचे मोल आपणच ठरविण्याच्या अधिकाराची ती खूण होती. म्हणूनच पालकांनी मुलांना राजांच्या मुद्रा आणि सन तेवढे पाठ करावयास लावू नये. १५ रुपयांचे १३ रुपये ५ आणे ४ पै कसे झाले, हे गणित एकदा त्यांच्याकडून सोडवून घ्यावे. पारतंत्र्य म्हणजे काय, हे त्या वजाबाकीतून जितके कळेल तितके दहा भाषणांतूनही कळणार नाही.