शिक्का कोणाचा, साधना कोणाची?

ऋषिकेशच्या गल्लीबोळांत आज '२०० तासांत योगशिक्षक' अशा पाट्या झळकतात. मुदत जेमतेम चार आठवड्यांची, आणि मिरविलेला शिक्का अमेरिकेतील 'योगा अलायन्स'चा! १९९९ साली जन्मलेली ही संस्था शुल्क घेऊन शाळांची व शिक्षकांची नोंदणी करते. उमेदवाराला समोर बसवून त्याची परीक्षा मात्र स्वतः घेत नाही. महिन्यापूर्वी ज्याला स्वतःच्या श्वासाचे भान नव्हते, तो दुसऱ्याला शीर्षासनात उभा करण्यास पात्र ठरतो. उद्या कोणाची मान दुखावली, तर तो शिक्का काय कामाचा?

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योग प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून घेतला. पुण्याच्या अय्यंगार परंपरेत शिक्षकाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी काही वर्षांची उमेदवारी करावी लागते. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षाही २०१८ पासून उपलब्ध आहे. तासांचा हिशेब तेथेही आहेच. पण त्या तासांअखेरीस परीक्षक बसलेला असतो, हा भेद लहान नव्हे. मग परदेशी विद्यार्थ्यांच्या मागणीचे निमित्त पुढे करून गंगेकाठच्या शाळांनीच सातासमुद्रापलीकडील शिक्क्यासाठी ओंजळ का पसरावी?