किल्ला दिसतो, मोजणीची साखळी दिसत नाही

सरहद्दीवरचे वाङ्मय म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर वेढा पडलेला किल्ला, रानातला वाटाड्या आणि समोरासमोरची झुंज उभी राहते. जेम्स फेनिमोर कूपर शिकवण्याचा प्रसंग आला तर आम्ही अध्यापकही बहुधा 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) ही कादंबरी हाती घेतो आणि 'द पायोनियर्स' (१८२३) बाजूला ठेवतो. ही निवड वाटते तितकी निरुपद्रवी नाही, असे आमचे मत आहे.

'मोहिकन्स'मध्ये १७५७ सालचे इंग्रज-फ्रेंच युद्ध आहे. नॅटी बम्पो तेथे इंग्रज फौजेचा वाटाड्या आहे, तिच्या उपयोगाचा आहे. 'पायोनियर्स'चा काळ १७९३ चा. हाच नॅटी आता म्हातारा झाला आहे आणि बंदीच्या काळात हरीण मारल्यावरून निघालेल्या खटल्यात तो कैदेत जातो. कायदा चालवणारा न्यायाधीश टेंपल हाच त्या साऱ्या मुलखाचा जमीनमालक! कूपरला हे ऐकीव नव्हते. त्याचा बाप विल्यम कूपर हा ऑट्सिगो सरोवराकाठी गाव वसवून जमिनी विकणारा बडा सटोडिया होता. मुलाने बापाचा धंदा कादंबरीत आणला आणि मालकीचा प्रश्नही उपस्थित केला. पण शेवटी टेंपलची कन्या व एफिंगहॅम घराण्याचा वारस यांचे लग्न लावून तो मिटवून टाकला. त्या लग्नात मूळच्या डेलावेअर लोकांचा हक्क कोठे गेला, हे विचारण्याचे काम वाचकावर येऊन पडते.

इतिहासात मात्र फौज आणि जमीन यांची खाती कधी वेगळी नव्हतीच. व्हर्जिनियाचा लेफ्टनंट गव्हर्नर डिनविडी याने १७५४ साली ओहायोच्या मोहिमेत स्वेच्छेने भरती होणाऱ्यांना मिळून २ लाख एकर जमीन देऊ केली. तो स्वतः ओहायो कंपनीचा भागीदार होता. त्या मोहिमेतला तरुण अधिकारी जॉर्ज वॉशिंग्टन तारुण्यातच सर्व्हेअरचे काम शिकलेला होता. १७६३ च्या राजघोषणेने ॲपलाचियन पर्वतापलीकडे वस्तीस बंदी घातली. तरी १७६७ मध्ये त्याने विल्यम क्रॉफर्ड या सर्व्हेअरला पत्र लिहून तिकडच्या चांगल्या जमिनी गुपचूप हेरून ठेवायला सांगितले. ही बंदी तात्पुरती आहे, अशी त्याची अटकळ होती. पुढे आपल्या वाट्याखेरीज इतर अधिकाऱ्यांचे आणि शिपायांचे हक्कही त्याने विकत घेतले. राष्ट्रपित्याच्या चरित्रात हा भाग बहुधा तळटिपेत जातो.

आम्हांस अधिक अस्वस्थ करतो तो १७९१ चा प्रसंग. ओहायो नदीच्या उत्तरेची जमीन विकायची तर मायामी, शॉनी आदी जमातींना हटवणे भाग होते. त्यासाठी आर्थर सेंट क्लेअरच्या हाताखाली घाईने फौज उभी केली. साध्या शिपायाचा पगार महिन्याला ३ डॉलर. त्यातूनही कपड्यांचे व औषधोपचाराचे पैसे कापले जात. शिधा पुरवण्याचा ठेका विल्यम ड्यूअर याच्याकडे होता. हा गृहस्थ सायोटो कंपनीचा सूत्रधार. या कंपनीने पॅरिसमध्ये आपल्या मालकीच्या नसलेल्या जमिनी विकल्या होत्या. त्या घेऊन आलेली फ्रेंच कुटुंबे १७९० मध्ये गॅलिपोलिस येथे निरुपयोगी खरेदीखते हाती धरून बसली. १७९१ मध्ये मेनमधील जमिनींच्या प्रचंड सौद्यात त्याचा भागीदार कोण? खुद्द युद्धमंत्री हेन्री नॉक्स.

अशा ठेकेदाराचा शिधा वेळेवर कसा पोहोचणार? ऑक्टोबरअखेर काही मिलिशियाचे शिपाई छावणी सोडून निघाले. मागून येणारा शिधा ते लुटतील या भीतीने सेंट क्लेअरने आपली अनुभवी पहिली रेजिमेंट त्यांच्या मागे धाडली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी छावणीवर हल्ला केला तेव्हा ती रेजिमेंट तेथे नव्हती. सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. मृतांच्या तोंडात माती कोंबली होती, असे वर्णन इतिहासग्रंथांत वारंवार येते. ते शब्दशः खरे असो वा नसो, कोणत्या भुकेसाठी ही माणसे तेथे आणली गेली होती ते जिंकणाऱ्यांनी ओळखले होते, असे ही कथा पुढे चालवणाऱ्यांना वाटत आले आहे.

ड्यूअर १७९२ च्या मार्चमध्ये दिवाळे वाजून तुरुंगात गेला, पण ते न्यूयॉर्कमधल्या रोख्यांच्या सट्ट्यापायी. शिपायांच्या पिठाचा हिशेब तेथे कोणी मागितला नाही. काँग्रेसच्या समितीने सेंट क्लेअरला निर्दोष ठरवून पुरवठ्यावर बोट ठेवले, एवढेच.

शूर वाटाडा आणि क्रूर 'रेड इंडियन' या जोडीत हा शिपाई कोठेच बसत नाही. तो दुसऱ्याच्या भूमीवर चालून गेला होता, हे विसरून त्याच्यासाठी अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्यासाठी तो गेला त्यांनी त्याचे पीठही चोरले, हे न सांगणे म्हणजे अर्धाच पाठ शिकवणे होय. 'मोहिकन्स' एकटी वाचली की सरहद्द ही धाडसाची जागा उरते आणि जमिनीचा मालक नजरेआड राहतो.

'पायोनियर्स' संथ आहे, वर्गात रंगत नाही, अशी तक्रार आमचे सहकारी करतात. ती खोटी नाही. निदान खटल्याचे प्रकरण तरी आधी वाचायला द्यावे आणि 'मोहिकन्स'मधला किल्ला त्यानंतर दाखवावा, एवढीच आमची सूचना आहे.