आंबे गावचा वारसा आणि आपली ख्रिस्ती भावकी



मागच्या महिन्यात दिंडोरीत जयंतीच्या नियोजनाची बैठक होती. दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातीत घ्या, या मागणीला पाठिंब्याचा ठराव मी मांडला. मागून एक पदवीधर तरुण उठून म्हणाला, "ताई, ते चर्चचं खातात. आता आपल्या ताटातलंही द्यायचं का?" टाळ्या पडल्या. ठराव बारगळला. हे उत्तर त्या टाळ्यांना आहे.

१९५० च्या राष्ट्रपती आदेशातला परिच्छेद ३ किती जणांनी वाचलाय? अनुसूचित जातीचं व्हायचं तर हिंदू असायला हवं, ही अट तिथली. १९५६ मध्ये सगळ्या दलित शिखांना आत घेतलं. त्याच वर्षी आपण नागपूरला दीक्षा घेतली आणि बाहेर फेकले गेलो. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण दिल्लीचं दार उघडायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं आपल्याला काय ऐकवलं गेलं? धम्मात जात नाही, मग सवलत कशाला! बुद्धाच्या जागी येशू घालून तेच वाक्य आज आपली पोरं फेकतात.

आणि फेकतात कुठे, तर दिंडोरीत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचं आंबे याच तालुक्यातलं. १९६४ च्या देशव्यापी सत्याग्रहात भूमिहीनांसाठी जमीन मागताना दादासाहेबांनी धर्मांतरित बौद्धांच्या सवलतीही मागितल्या होत्या.

आता 'चर्चचं खातात' याबद्दल. नाशिकचं शरणपूर १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. अनाथ पोरं आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकली. लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेलेले 'नासिक बॉइज' तिथलेच. तेव्हा आपल्या पोरांना शाळेची पायरी चढू देत नव्हते. उपकार म्हणून नाही, इतिहास म्हणून सांगतेय. सेवा करणाऱ्या चर्चने जात मात्र पोटात सांभाळली, आणि ख्रिस्ती समाज हक्कांसाठी रस्त्यावर येत नाही हे बाबासाहेबांनीही सुनावलं होतं. दोष खराच. पण त्याची शिक्षा मजुराला का? द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या बाईची जात गाव विसरत नाही, ती रविवारी कुठे जाते याने काही फरक पडत नाही. तिच्यावर अत्याचार झाला की १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा मात्र धर्म विचारतो.

ताटाची भीती मी खोटी मानत नाही. राज्यात ते आज ओबीसीत आहेत, आपल्याकडे १३ टक्के. मग लोकसंख्येप्रमाणे टक्का वाढवा, हे ठरावातच घालू. भांडण सरकारशी आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच धर्माची अट काढायला सांगितलं, तरी २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमून विषय पुन्हा लांबवला. २०११ च्या जनगणनेत राज्यात बौद्ध ६५ लाख, सगळे ख्रिस्ती मिळून सुमारे ११ लाख. इथे थोरला भाऊ कोण?

पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा मांडणार आहे. त्या तरुणाने जरूर विरोध करावा, पण परिच्छेद ३ वाचून यावं.