चावी फिरवण्याआधी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिच्या घरगुती बहिणी मात्र अजून कितीतरी सोसायट्यांच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. वडिलांची गाडी, विकवत नाही म्हणून ठेवलेली. मग कधीतरी परदेशातला मुलगा रजेवर येतो आणि घरात टूम निघते, ‘बघू या, सुरू होते का!’ नवी बॅटरी येते, सेल्फ मारला जातो, नाहीतर चौघे धक्का मारतात. मला या उत्साहाची धास्ती वाटते. इतकी वर्षे उभे राहून जे इंजिन वाचले, ते या पाच मिनिटांत जायचे.

गाडी उभी राहिली की ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये उतरते. सिलिंडर आतून कोरडे पडतात, आपल्या दमट हवेत रिंगांना गंज धरतो. त्यावर एकदम सेल्फ मारला की कोरड्या लोखंडावर लोखंड घासते. जाणता मिस्त्री आधी चारही प्लग काढतो, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडतो आणि चक्क घरी निघून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्लग न लावताच गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने हळूच पुढे-मागे ढकलतो. इंजिन मोकळे फिरले तर ठीक, नाहीतर पुन्हा ऑइल, पुन्हा थांबणे. मुलाची रजा पंधराच दिवसांची आहे, हे ऑइलला कुठे ठाऊक!

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. त्याचा चिकटा होऊन कार्ब्युरेटरचे जेट बुजतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. त्या नळ्या बदलाव्यात. जुने ऑइल बदलावे. एअर फिल्टरमध्ये उंदराचा संसार निघाला तर नवल मानू नये.

आणि ब्रेक? गाडी सुरू झाली की टाळ्या पडतात, ती थांबेल का, हे कुणी विचारत नाही. ब्रेक ऑइलही पाणी ओढते, चाकांचे सिलिंडर आतून गंजतात आणि ऐन उतारावर पेडल तळाला जाते. ब्रेक खोलून, साफ करून, नवे रबर किट घातल्याखेरीज घरच्या पोराबाळांना त्या गाडीत बसवणे हा निव्वळ अविचार आहे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणेही तसेच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बँकेच्या नोकरीत मी खातेदार गेल्यावर वर्षानुवर्षे तशीच पडलेली खाती पाहिली. वारसांना रकमेची आठवण असे, कागदपत्रांची नसे. या गाड्यांचेही तेच. नोंदणी वडिलांच्याच नावावर, पंधरा वर्षांची मुदत केव्हाच संपलेली. दर पंधरवड्याला ती कोण चालवणार, हे ठरत नाही तोवर मिस्त्रीला बोलावूच नये. घरात कुणी नसेल, तर जुन्या गाड्यांचे वेड असलेल्या एखाद्याला ती नावावर करून द्यावी. तो निदान तिला उन्हात काढील.