जुना चेनसॉ घेताना ब्रेक पाहा

आलापल्ली-बल्लारशाह पट्ट्यात सागवानावर अनेक घरांची रोजी चालते. तेथील कारागीर बंधूंनी जुना चेनसॉ जरूर घ्यावा. त्याचे पॉइंट, कार्बोरेटर टू-स्ट्रोक गाड्यांचा मिस्त्रीही दुरुस्त करतो. यंत्राला 25:1 मिश्रण सांगितले असेल, तर लिटरभर पेट्रोलात 40 मिली तेल घालावेच. तेलात काटकसर केली की पिस्टन जाम होतो. मात्र 1970 च्या दशकापूर्वीच्या यंत्रांना साधारणतः चेन ब्रेक नसतो. साखळीच्या पट्टीचे टोक वरच्या बाजूने ओंडक्याला अडले, की करवत उसळून थेट माणसाच्या तोंडा-मानेवर येते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे : बिनब्रेकचे यंत्र मालकाने मजुराच्या हाती देऊ नये. वाचलेले चार पैसे मालकाच्या गल्ल्यात आणि धोका मजुराच्या माथी, हा व्यवहार चोख म्हणता येणार नाही.