सुपरडोमचे तेरा महिने आणि सेंट्सचा २००६ चा हंगाम

शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर २१ जानेवारी २००७ रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा ३९-१४ असा पराभव झाला. अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, या संघापासून अवघा एक विजय दूर होता. एरवी उपांत्य फेरीत पंचवीस गुणांनी हरलेल्या संघाचा हंगाम फार काळ कोणाच्या स्मरणात राहत नाही. सेंट्सचा २००६ चा हंगाम मात्र जवळजवळ दोन दशकांनंतरही अमेरिकेत आवर्जून सांगितला जातो आणि तो बहुधा एकाच वाक्यात सांगितला जातो : वादळाने मोडलेल्या शहराला त्याच्या संघाने सावरले. वाक्य हृद्य आहे. पण त्याने दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, संघाच्या यशामागचे थंड डोक्याने घेतलेले निर्णय. आणि दुसरी, शहर खरोखर किती सावरले होते हा प्रश्न.

कॅटरिना चक्रीवादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी किनाऱ्यावर आदळले. बंधारे फुटल्याने न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांना शहर सोडता आले नाही अशा हजारो लोकांनी सुपरडोम या सेंट्सच्या बंदिस्त स्टेडियममध्ये आश्रय घेतला. वाऱ्याने छताचे आवरण उडवले, वीज गेली, स्वच्छतागृहे निकामी झाली आणि सरकारी यंत्रणेच्या अपयशाचे चित्र जगाने याच वास्तूतून पाहिले. बेघर झालेल्या सेंट्सने २००५ चा हंगाम सॅन अँटोनियो आणि बॅटन रूज या दोन शहरांत कसाबसा काढला. पहिला 'घरचा' सामना तर न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध, जायंट्सच्याच मैदानावर खेळवण्यात आला! सोळांपैकी तीन विजय, तेरा पराभव, अशी त्या वर्षाची जमाखर्चाची नोंद होती.

संघ परत येईल की नाही, हेच तेव्हा निश्चित नव्हते. मालक टॉम बेन्सन यांचे व्यावसायिक हितसंबंध सॅन अँटोनियोत गुंतलेले होते आणि तेथील महापालिका संघाला ठेवून घेण्यास उत्सुक होती. संघाने शहरातून हलू नये म्हणून लुइझियाना राज्याने २००१ मध्येच बेन्सन यांना दहा वर्षांत सुमारे १८ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले होते. अखेर नॅशनल फुटबॉल लीगचे तत्कालीन आयुक्त पॉल टॅग्लियाबू यांनी आपले वजन न्यू ऑर्लिन्सच्या पारड्यात टाकले आणि राज्य सरकारने स्टेडियमची दुरुस्ती सर्वांत आधी हाती घेतली. एकूण खर्च सुमारे साडेअठरा कोटी डॉलर. त्यातील साडेअकरा कोटींच्या आसपास रक्कम 'फेमा' या केंद्रीय आपत्ती निवारण संस्थेकडून आली. लीगचा वाटा दीड कोटीचा. तेरा महिन्यांच्या आत स्टेडियम उभे राहिले.

या साऱ्या भावनिक वातावरणाशी संबंध नसलेले निर्णय याच काळात संघाच्या कार्यालयात घेतले जात होते. जिम हॅसलेट यांना हटवून शॉन पेटन यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपवण्यात आले. डॅलसमध्ये बिल पार्सेल्स यांचे सहायक असलेल्या पेटन यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून ही पहिलीच नेमणूक होती. त्याहून मोठा जुगार होता ड्रू ब्रीसचा. क्वार्टरबॅक हा या खेळातील सूत्रधार. सगळे आक्रमण त्याच्या हातून सुरू होते. ब्रीसच्या नेमक्या त्याच फेकीच्या, उजव्या खांद्यावर गंभीर शस्त्रक्रिया झाली होती. मायामीच्या डॉक्टरांना त्या खांद्याची खात्री वाटली नाही आणि तो संघ डॉन्टे कल्पेपरकडे वळला. सेंट्सने मार्च २००६ मध्ये ब्रीसशी सहा वर्षांचा, सहा कोटी डॉलरचा करार केला. उद्ध्वस्त शहरात यायला तयार असणारे नावाजलेले खेळाडू तेव्हा थोडेच होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. मायामीने कोणाला नाकारले, हे तिथल्या चाहत्यांना पुढे पंधरा वर्षे आठवत राहिले.

एप्रिलमधील निवड प्रक्रियेत, ज्यात महाविद्यालयीन खेळाडूंवर संघ क्रमाक्रमाने हक्क सांगतात, ह्यूस्टनने मारिओ विल्यम्सला पसंती दिल्याने दुसऱ्या क्रमांकावर रेजी बुश सेंट्सच्या हाती लागला. गाजावाजा त्याचाच झाला. परंतु खरी करामत खालच्या फेऱ्यांत होती. चौथ्या फेरीत ब्लूम्सबर्गसारख्या लहान महाविद्यालयातून जाहरी इव्हान्स हा आघाडीचा रक्षक मिळाला. सातव्या, म्हणजे अखेरच्या फेरीत २५२ व्या क्रमांकावर हॉफ्स्ट्राचा मार्कस कोल्स्टन. हंगाम तोंडावर असताना डॉन्टे स्टॉलवर्थला फिलाडेल्फियाकडे पाठवून पेटन यांनी त्याची जागा या अनोळखी नवख्याला दिली. कोल्स्टनने त्या वर्षी ७० झेल घेत १,०३८ यार्ड मिळवले. दैवी चमत्काराची भाषा करणाऱ्यांनी ही २५२ व्या क्रमांकाची निवड विसरू नये.

क्लीव्हलँड आणि ग्रीन बे येथे जिंकून सेंट्स २५ सप्टेंबर २००६ रोजी, सोमवारी रात्री, सुपरडोममध्ये परतले. समोर अटलांटा फाल्कन्स, जुना प्रतिस्पर्धी. नाणेफेकीला ज्येष्ठ जॉर्ज बुश होते, सामन्याआधी 'यू टू' आणि 'ग्रीन डे' यांचे गायन झाले. सामना सुरू होऊन दीड मिनिट झाले असेल-नसेल, तोच फाल्कन्सचे पहिले आक्रमण थांबले आणि त्यांच्यावर चेंडू लाथेने लांब धाडण्याची वेळ आली. सेंट्सचा राखीव खेळाडू स्टीव्ह ग्लीसन मधल्या फटीतून झेपावला आणि त्याने तो चेंडू अडवला. कर्टिस डेलोचने त्यावर झडप घालून टचडाउन मिळवला. त्यानंतर सामन्यात फारसे काही उरले नाही. निकाल २३-३. ग्लीसनच्या त्या झेपेचा पुतळा २०१२ पासून स्टेडियमबाहेर उभा आहे. तोवर या खेळाडूला चेतापेशींच्या असाध्य विकाराने गाठले होते.

त्या रात्रीचे मोल कोणी कमी लेखू नये. हंगामाची सर्व तिकिटे आगाऊ विकली गेली होती, तीही संघाच्या इतिहासात प्रथमच, आणि तीही शहरात जेमतेम निम्मे लोक परतलेले असताना. आसपासच्या गावांतून, तात्पुरत्या घरांतून लोक मैलोन् मैल प्रवास करून येत होते. पण संघाला घरच्या प्रेक्षकांनी खेचून नेले हा समज आकड्यांसमोर टिकत नाही. सेंट्सने त्या हंगामात घरचे आठपैकी चारच सामने जिंकले. बाहेरचे मात्र आठपैकी सहा. घरचा शेवटचा पराभव प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिल्यामुळे झाला, हे खरे. तरीही बाल्टिमोर, सिनसिनाटी आणि वॉशिंग्टन सुपरडोममध्ये येऊन जिंकून गेलेच. उलट डॅलसमध्ये पार्सेल्स यांच्या संघाला सेंट्सने ४२-१७ असे झोडपले. ब्रीसने ४,४१८ यार्डांच्या फेकी करून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. गुडघ्याच्या दुखापतीतून परतलेल्या ड्यूस मॅकॲलिस्टरने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. दहा विजय, सहा पराभव आणि विभागाचे विजेतेपद.

बाद फेरीत फिलाडेल्फियाला २७-२४ असे हरवले (ऑक्टोबरमधील साखळी सामन्याचाही निकाल नेमका हाच होता). १९६७ पासून खेळणाऱ्या या संघाचा बाद फेरीतील हा केवळ दुसरा विजय. शिकागोत मात्र उणिवा उघड्या पडल्या. १६-० अशा पिछाडीनंतर रेजी बुशने ब्रीसच्या फेकीवर मिळवलेल्या ८८ यार्डांच्या टचडाउनने अंतर १६-१४ वर आले, तेव्हा क्षणभर सामना फिरला असे वाटले. टचडाउनच्या आधीच ब्रायन अर्लॅकरकडे बोट दाखवून खिजवण्याचा मोह बुशला आवरला नाही. त्यानंतर सेंट्सला एकही गुण मिळाला नाही. चेंडू वारंवार हातून निसटला, ब्रीसवर आपल्याच गोललाइनमागे दोन गुण देण्याची वेळ आली आणि बचावफळी शिकागोच्या धावांपुढे कोसळली. बचावफळी दुय्यम दर्जाची आहे, हे वर्षभर दिसत होते. आक्रमणाच्या झगमगाटात ते खपून गेले इतकेच.

शहराच्या बाबतीतही असेच काही खपून गेले. सुपरडोमपासून काही मिनिटांच्या अंतरावर, ट्युलेन अव्हेन्यूवर, चॅरिटी हॉस्पिटल आहे. विमा नसलेल्या गोरगरिबांचे हे मुख्य सार्वजनिक रुग्णालय पुरानंतर बंद झाले ते रुग्णालय म्हणून पुन्हा उघडलेच नाही. त्याची इमारत किती निकामी झाली आणि भरपाई किती द्यायची यावर राज्य आणि 'फेमा' यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. २०१० मध्ये लवादाने सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा निवाडा दिला आणि पर्यायी रुग्णालय २०१५ मध्ये सुरू झाले. तीच संस्था, तेच राज्य आणि तेच शहर. पण स्टेडियमला तेरा महिने लागले आणि रुग्णालयाला दहा वर्षे. स्टेडियम बांधू नये होते असा याचा अर्थ नव्हे. अधिवेशने, पर्यटन आणि रोजगार यांचा आधार त्या वास्तूला होता, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. मात्र दुरुस्तीचा वेग हा पैशांइतकाच इच्छाशक्तीचा प्रश्न असतो, हे सुपरडोमनेच सिद्ध केले आणि त्याची तुलना लोअर नाइन्थ वॉर्डमधील रिकाम्या घरांशी होणे अपरिहार्य होते.

पुढच्या वर्षी सेंट्सने पहिले चारही सामने गमावले. २००७ मध्ये सात विजय, २००८ मध्ये आठ. दोन्ही वर्षे बाद फेरी हुकली. पेटन यांनी २००९ च्या आरंभी बचावफळीची सूत्रे ग्रेग विल्यम्स यांच्याकडे दिली आणि ७ फेब्रुवारी २०१० रोजी इंडियानापोलिसला ३१-१७ असे नमवून संघाने सुपर बोल जिंकला. त्याच वर्षीच्या जनगणनेत न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ३ लाख ४३ हजार भरली. २००० मध्ये ती ४ लाख ८४ हजार होती.